बोअरच्या तोंडाशी धरलेली उदबत्ती

रविवारी सकाळी साडेनऊला टीव्हीवर विज्ञानाचा एक कार्यक्रम लागायचा. अर्धा तास. चष्मा लावलेले एक गृहस्थ टेबलामागं बसून, कसलीही घाई न करता, एकच गोष्ट समजावून सांगायचे. साबणानं मळ का निघतो, तुरीच्या मुळांवर गाठी कशाच्या असतात, विजेचा लखलखाट आधी आणि गडगडाट नंतर का. त्यांना विनोद जमत नसत आणि ते करायला जातही नसत. पण कार्यक्रम संपला की एक गोष्ट नीट कळलेली असायची.

मी बेंबळीच्या पुढच्या एका गावात, हायस्कूलमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात काही काचनळ्या आणि कुणीतरी कधीतरी दान दिलेला मानवी सांगाडा, तोही एका हाताचा. त्यामुळं त्या कार्यक्रमाचा मला मोठा आधार होता. मी मुलांना गृहपाठच देऊन टाकला होता : रविवारचा कार्यक्रम बघायचा आणि सोमवारी पाच ओळी लिहून आणायच्या.

एका रविवारी तो लागलाच नाही. त्या जागी केस गळतीवरच्या तेलाची अर्ध्या तासाची जाहिरात होती. सोमवारी एका मुलानं प्रामाणिकपणे त्या तेलावर पाच ओळी लिहून आणल्या.

मी मुळात संशयी बाई आहे. आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, म्हणतात, हिला दूध पांढरं दिसलं तरी शंका येते. मला पहिला संशय आला तो केबलवाल्याचा. मला वाटलं, यानंच काहीतरी चॅनलची अदलाबदल केली. संध्याकाळी मी स्टँडजवळच्या त्याच्या खोलीत गेले.

"दादा, रविवारचा विज्ञानाचा कार्यक्रम का काढला?"

तो हातातली वायर खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. "म्या कशाला काढू बाई? माझ्या हातात खटका हाय फक्त. काय दाखवायचं ते वरनं येतंय."

"वरनं म्हणजे कुठनं?"

"ते मला तरी कुठं ठाव हाय."

पुढं कळलं की कार्यक्रम बंद झाला नव्हता, हलवला होता. बुधवारी दुपारी तीनला. म्हणजे मुलं माझ्यासमोर वर्गात बसलेली असताना. काही महिन्यांनी तो सकाळी सहाला गेला, घरोघर धारा काढायच्या आणि पाणी भरायच्या वेळेला. मग रात्री इतक्या उशिरा, की नववीचं पोर जागं राहिलं तर आईनं रट्टा द्यावा. प्रत्येक बदल मी टाचणवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत गेले. ती यादी वाचताना मला खात्रीच वाटू लागली की कुणीतरी बसून शोधून काढतंय, हा कार्यक्रम कुणालाच बघता येणार नाही अशी वेळ कोणती.

"बघणारं कुणी नसंल म्हणून हलवत असतील," आमच्या घरचे म्हणाले.

"कुणाला बघता येणार नाही अशा वेळी लावल्यावर बघणार कोण?"

ते बातम्या बघतात. त्यांच्या कार्यक्रमाची वेळ कधी बदलत नाही.

मग एक दिवस तोच कार्यक्रम, त्याच नावानं, संध्याकाळी चांगल्या वेळेला परत आला. मी वर्गात सांगून टाकलं, सगळ्यांनी बघा. पण ते चष्मेवाले गृहस्थ गेले होते. टेबलही गेलं होतं. काळ्या अंधारात धूर सोडलेला, त्यातून एक तरुण चालत यायचा आणि घोगऱ्या आवाजात विचारायचा, काय आहे यामागचं रहस्य? मग जाहिराती. जाहिरातींनंतर तोच प्रश्न पुन्हा. उत्तराची वेळ आली की भाग संपायचा. एकदा मी घड्याळ घेऊनच बसले. खरी माहिती म्हणावी अशी चार मिनिटंसुद्धा भरली नाही. मी चॅनलला पत्र लिहिलं, मग ईमेल केला. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. मी मुलांना म्हटलं, आता नका बघू. पण आता तर ती आवडीनं बघत होती.

आमच्या गावाच्या शिवारात एक म्हातारे शेतकरी आहेत. गळ्यात लिंग, बोलण्यात मधूनच कानडी, सगळा गाव त्यांना अप्पा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बांधाच्या कडेला बोअर मारली. पाणी लागलं नाही. एखादं लेकरू पडायला नको म्हणून त्यांनी बोअरच्या केसिंग पाइपच्या तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंग करून घेतलं. झाकणाला बोटभर भोक राहिलं होतं. उन्हाळा लागला तशी ती बोअर दुपारी शिट्टी घालायला लागली. सुंऽऽ असा बारीक, न थांबणारा आवाज. ज्वारी काढायला आलेल्या बायका त्या बाजूला बसेनात.

हे मला सांगितलं ते नववीतल्या एका मुलीनं. तिचं घर अप्पांच्या शेताला लागूनच. मी दुपारी वर्गातली सात-आठ मुलं घेऊन गेले. वारा दिसत नाही, तेव्हा तो दाखवायचा कसा? मी पर्समध्ये उदबत्तीचा पुडा घेतला होता. एक उदबत्ती पेटवून झाकणाच्या भोकाशी धरली. धूर सरळ वर न जाता बाजूला फेकला गेला. बोअर हवा बाहेर टाकत होती. संध्याकाळी सहाला पुन्हा धरली, तर शिट्टी थांबली होती आणि धूर भोकात ओढला गेला.

"श्वास घेतीया," एक मुलगा हळूच म्हणाला.

मी त्यांना समजावलं. आपल्यावरच्या हवेलाही वजन असतं आणि तिचा दाब दिवसभरात वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, मग दुपारी चारपर्यंत उतरत जातो, तिथून रात्रीपर्यंत पुन्हा चढतो. आपल्या काळ्या खडकाच्या पोटात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यांत हवा भरलेली. बाहेरचा दाब उतरला की आतली हवा बाहेर येते, चढला की बाहेरची आत जाते. त्या मुलीला मी काम दिलं : पंधरा दिवस, रोज ठरलेल्या वेळेला उदबत्ती धरायची आणि आत की बाहेर ते लिहायचं.

अप्पा शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. म्हणाले, "व्हय बाई, पटलं. मला वाटलं, माझीच काय चूक झाली का काय, म्हणून वरडतीया."

पंधरा दिवसांनी मुलीनं वही आणून दिली. पहिला आठवडा मी सांगितलं तसाच होता. दुसऱ्या आठवड्यात मात्र तिनं बऱ्याच दुपारी 'आत' लिहिलं होतं. दुपारी एकला आत कसं असेल? मला वाटलं, पोरगी कंटाळली आणि घरी बसूनच भरलं. मी लाल पेननं त्या नोंदींवर काट मारली. तिला विचारलंही नाही. ती बघत होती.

महिनाभरानं फोन आला. कुणीतरी बोअरचा व्हिडिओ मोबाइलवरून फिरवला होता आणि तो त्या कार्यक्रमवाल्यांपर्यंत गेला होता. त्यांना यायचं होतं, शास्त्रीय कारण सांगणारं कुणीतरी हवं होतं. मी सरळ म्हटलं, "तुमचा कार्यक्रम मी बघते. त्यात कारण सांगतच नाहीत." पलीकडची बाई हसली. म्हणाली, "मॅडम, म्हणूनच तुम्ही हव्यात. मी स्वतः फिजिक्स शिकलेय." मी प्रश्न आधी मागवून घेतले. तिनं पाठवले. चांगले प्रश्न होते.

ती आणि कॅमेरावाला सकाळी अकराला आले. मी वही, दाबाचा आलेख, प्लास्टिकची बाटली, फुगा, सगळं घेऊन गेले होते. ती चॅनलवाली बाई ध्यान देऊन ऐकत होती, मध्येच अचूक काहीतरी विचारत होती. इतक्या वर्षांत माझ्या शाळेतल्या कुणी मोठ्या माणसानं मला असं विचारलं नव्हतं. माझा संशय हळूहळू गळून पडला. दुपारी दोनला तिनं शेवटचा प्रश्न केला. तो पाठवलेल्या प्रश्नांत नव्हता.

"मॅडम, हेच कारण आहे, असं तुम्ही शंभर टक्के खात्रीनं सांगू शकता?"

मी म्हटलं, "शंभर टक्के खात्री आहे असं विज्ञानात म्हणत नाहीत. पण आमच्या नोंदी बघता हेच कारण सगळ्यात जास्त पटतं."

"छान," ती म्हणाली. "आणि एकदा उदबत्ती धरून दाखवता? हवा दिसायला हवी."

मी धरून दाखवली. टीव्हीवर कधी दाखवणार, असं विचारल्यावर ती म्हणाली, कळवते. कळवलं नाही. रोज मी वेळापत्रक बघत होते, तरी ते चुकलं. आठवड्यानं, संध्याकाळी आठला, सासूबाईंच्या मालिकेच्या आधी घरच्यांनी हाक मारली, "अगं बाहेर ये, तू दिसतीयस."

कणकेचे हात घेऊन मी बाहेर आले. पडद्यावर अप्पांचं शेत होतं, पण त्याला निळसर अंधारा रंग दिला होता. ढोल वाजत होते. बोअरची शिट्टी वाढवून किंकाळीसारखी केली होती. मग मी आले. वाकून, पदर खोचून, बोअरच्या तोंडाशी उदबत्ती धरलेली. मागून तो घोगरा आवाज म्हणाला, "विज्ञानाच्या शिक्षिकेलाही इथं हात जोडावे लागतात." मी हात जोडले नव्हते. पण एका हातात उदबत्ती असलेली बाई दिसली की दुसरा हात बघणारा आपणच जोडून घेतो. लगेच माझा चेहरा मोठा करून दाखवला आणि मी म्हणाले, "शंभर टक्के खात्री आहे असं विज्ञानात म्हणत नाहीत." तिथंच तोडलं. 'पण'च्या आधी.

त्यानंतर अप्पा. ते म्हणाले, "देव तर सगळीकडंच हाय."

सासूबाई म्हणाल्या, "छान दिसत होतीस गं." मी आत जाऊन पोळ्या लाटायला लागले.

दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी झाल्यावर तीच नोंदीवाली मुलगी उभी राहिली. "बाई, तुमी आमाला एक सांगता आणि टीव्हीत दुसरंच सांगता. खरं कुठलं?"

"मी जे इथं सांगितलं तेच तिथं सांगितलं. त्यांनी कापलं."

"सगळं कापलं?"

तिच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला. मी केबलवाल्याशी असंच बोलले होते. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि बसावा असं माझ्याकडं काही नव्हतंही.

शाळा सुटल्यावर शेतात गेले. झाकणावर हळदी-कुंकू, चार नारळ, हार. बांधावर मोटारसायकली लागलेल्या. अप्पा बाजेवर बसले होते, आणि मला त्यांचाही संशय आला. वाटलं, गर्दी जमली म्हणून म्हातारा खूश दिसतोय, कॅमेऱ्यासमोर मुद्दामच देवाचं बोलला असेल.

"अप्पा, तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं?"

"म्या सांगितलं, बाईनी दावलंय, हवेचा दाब हाय. मग त्या टीव्हीवाल्या पोरीनं इचारलं, देवाचं काय वाटतं? आता देव न्हाय असं म्या कसं म्हणू? म्हणलं, देव तर सगळीकडंच हाय, बोअरीतबी हाय अन् मोटारीतबी हाय. तेवढंच धरलं त्यांनी." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमीबी तिथं काय बोललाव ते ऐकलं म्या. मलाबी वाटलं, बाई बदलल्या."

म्हणजे एकाच कात्रीनं कापलेले आम्ही दोघं एकमेकांवर शंका घेत बसलो होतो. मी त्यांना माझं पूर्ण वाक्य सांगितलं. ते म्हणाले, "आसंल." त्यांच्या त्या 'आसंल'मध्ये किती विश्वास होता, मला आजही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी चॅनलच्या त्या बाईनं फोन उचलला. "मॅडम, मी तुमची बारा मिनिटं ठेवली होती. आलेख पण ठेवला होता. वरून परत आलं. म्हणाले, माणसं चॅनल बदलतात." तिचा आवाज खरा वाटला. पण खरा आवाज मी आधीही ऐकला होता, बांधावर, दुपारी दोनपर्यंत. मी म्हटलं, पूर्ण चित्रीकरण मला द्या, मी शाळेत दाखवीन. ती म्हणाली, विचारून सांगते. त्यानंतर तिनं फोन उचलला नाही.

आठवडा बदलला. आमच्याकडं शेतीची लाइट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या सोमवारपासून दिवसाची पाळी लागली, आणि लांबून आलेली माणसं दुपारी बोअरजवळ कान लावून बसली, तर बोअर गप्प. शिट्टीच नाही. कुणीतरी म्हणालं, देव रुसला. कुणीतरी म्हणालं, त्या बाईनं उदबत्ती चपलेसकट लावली, म्हणून. हे माझ्या कानावर शिक्षकांच्या खोलीत आलं. मी कुणी सांगितलं ते विचारलं नाही.

गुरुवारी अप्पा स्वतः शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. एवढं चालून ते कधी येत नाहीत.

"बाई, एक बघून ठेवलंय. शेजाऱ्याची मोटार चालू झाली का माझी बोअर हवा आत वढतीया. मोटार बंद झाली का घडीभरानं भाईर टाकतीया. म्या तीन दिस बसून बघलालोय. धुरानंच बघितलं, बिडीच्या."

शेजाऱ्याची मोटार पाणी उपसते, खडकातली पाण्याची पातळी खाली जाते, रिकाम्या झालेल्या जागेत हवा ओढली जाते. मोटार थांबली की पाणी पुन्हा चढतं आणि हवेला वर ढकलतं. इतकं साधं. मी हवेचा दाब धरून बसले होते, आणि जमिनीखालचं पाणी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सांगितलेलं चूक नव्हतं, पण अर्धं होतं.

मग ती वही आठवली. दुसऱ्या आठवड्यातल्या दुपारी. तेव्हाही दिवसाचीच पाळी होती. घरी येऊन मी वही काढली, लाल काटांखालच्या तारखा आणि लाइटीच्या पाळ्या जुळवल्या. एकही नोंद चुकलेली नव्हती. त्या पोरीनं भर उन्हात जाऊन, जे दिसलं ते लिहिलं होतं. माझ्या उत्तरात बसत नव्हतं म्हणून मी कापलं होतं. मी, जी गावभर सांगत होते की माझं बोलणं कापलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझ्या नोंदी बरोबर होत्या. मी न विचारता काट मारली. चूक माझी."

ती म्हणाली, "मला वाटलं, बाईंना ठावं आसंल."

"तुला तेव्हाच का नाही सांगावंसं वाटलं?"

उत्तर मला माहीत होतं. माझ्यासमोर कोण बोलणार?

त्या रविवारी आम्ही गावाला शेतात बोलावलं. शेजारचा शेतकरी मोबाइल घेऊन मोटारीच्या पेटीजवळ उभा राहिला. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोलायचं अप्पांनी आणि त्या मुलीनं. तिनं उदबत्ती धरली, पण आधी मोठ्यानं सांगितलं, "ही पूजेची न्हाय, धुराची हाय." अप्पांनी फोन करून मोटार चालू करायला लावली. थोड्या वेळानं धूर वळला आणि भोकात शिरला. मोटार बंद केली. लोक उभे राहून कंटाळले, काही निघून गेले. मग धूर बाहेर यायला लागला. पुढं आलेल्या दोन-चार बायकांनी स्वतः हात लावून बघितलं. त्यातल्या एकीनं मग तोच हात कपाळाला लावला.

सगळे पटून घरी गेले असं मी म्हणणार नाही. नारळ कमी झाले, थांबले नाहीत. चॅनलवाले तो भाग पुन्हा पुन्हा लावत राहिले, आणि कधी लावला ते मला अप्पांच्या बांधावरच्या मोटारसायकलींवरून कळायचं. आलेल्याला अप्पा आधी नारळ फोडून खायला देत आणि मग हात भोकावर धरायला लावत. आता तर वेळापत्रकही उरलं नाही. माझं ते अर्धं वाक्य मोबाइलवर फिरतं, कधीही, कुणाच्याही हातात.

मागच्या महिन्यात पालकसभेत एका मुलाच्या वडिलांनी मला तेच उघडून दाखवलं. "बाई, ह्या तुमीच ना? मग पोरांना काय शिकवताव?" मी सभा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. नंतर त्यांच्याच मोटारसायकलवर मागं बसून त्यांना शेतात नेलं. दुपारचा एक वाजला होता, पाळी रात्रीची, मोटार बंद. साडेतीनपर्यंत आम्ही बांधावर बसलो. त्यांनी चार वेळा उदबत्ती धरली, दोनदा पाण्यानं ओला केलेला हात धरला, एकदा झाकणाला कान लावला. मी विचारल्याशिवाय काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, पाऊस पडल्यावर काय होतं? मी म्हटलं, ते अजून आम्ही बघितलेलं नाही. जूनपासून लिहायचंय.

उठताना ते म्हणाले, "हे एवढं टीव्हीत का न्हाय दाखवलं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडं जरा निरखून बघत राहिले, मी काही लपवते आहे का असं. मग त्यांनी गाडीला किक मारली.